निदान चुकलं, पुरावा मिळाला

नमस्कार श्रोतेहो. सार्वजनिक आरोग्यात पीएचडी करायची तर काय काय यायला हवं? साथरोगशास्त्र हवं, संख्याशास्त्र हवं, लोकांची रीतसर संमती घेता यायला हवी. हे सगळं अभ्यासक्रमात असतंच. मी बोलणार आहे प्रश्न विचारण्याबद्दल, आणि आलेल्या उत्तरावर संशय घेण्याबद्दल.

काळ 1948चा. ब्रिटनमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाचे बळी झपाट्यानं वाढत होते. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल आणि डॉक्टर रिचर्ड डॉल कारण शोधायला निघाले. डॉल यांचा संशय होता तो रस्त्यांवरच्या डांबरावर! लंडनच्या 20 रुग्णालयांत कर्करोगाचे रुग्ण आणि त्याच वयाचे इतर रुग्ण, दोघांनाही तेच प्रश्न विचारले, धूम्रपानाबद्दलचेही. सिगारेट ओढणारा कोणाला म्हणायचं, हेही पक्कं केलं: वर्षभर तरी रोज एक ओढलेली हवी. सहा महिन्यांनी 50 जणांना पुन्हा तेच विचारून उत्तरं जुळतात का, तेही पाहिलं.

कर्करोगाच्या रुग्णांत सिगारेट ओढणारे जास्त निघाले. आता ऐका हं. समोरच्याला कर्करोग आहे, हे मुलाखत घेणाऱ्याला ठाऊक असायचं. मग तो नकळत जास्त खोदून विचारत असेल तर? सगळा अभ्यासच पाण्यात! पण काही रुग्णांचं निदान पुढे चुकीचं ठरलं. म्हणजे मुलाखतीच्या वेळी ‘कर्करोग’, आणि प्रत्यक्षात नाही. त्यांचं धूम्रपान कोणाशी जुळलं? इतर रुग्णांशी. पुन्हा सांगतो, कर्करोगाच्या रुग्णांशी नाही, इतर रुग्णांशी. फरक मुलाखत घेणाऱ्याच्या मनातला नव्हता, रुग्णांमधलाच होता. उत्तरावर असा संशय घ्यायला संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर सुचवत नाही.

1950 साली निबंध छापून आला. डॉल यांनी तोवर स्वतःची सिगारेट सोडली होती.

पुढच्याच वर्षी दोघांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना त्यांच्या स्वतःच्या धूम्रपानाबद्दल विचारणारी पत्रं धाडली. 40 हजारांहून अधिक उत्तरं आली. हिल यांनी प्रश्नावली मुद्दाम अगदी छोटी ठेवली होती. आमचे विद्यार्थी चाळीस पानी प्रश्नावली घेऊन येतात आणि लोक उत्तरं देत नाहीत म्हणून कुरकुरतात. मी त्यांना एवढंच सांगतो, आधी घड्याळ लावून स्वतः भरा, मग घरातल्या कोणाला तरी भरायला द्या, आणि ती व्यक्ती कुठल्या प्रश्नाला अडखळते ते बघा.