मूळ जुनंच, मोजमाप नवं: डॉ. रुस्तम वकील आणि सर्पगंधा

श्रोतेहो, नमस्कार.

१२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट कोसळले, तेव्हा त्यांच्या हृदयतज्ज्ञाने रक्तदाब मोजला. वरचा आकडा ३०० च्या पुढे, खालचा १९०. मेंदूत रक्तस्राव झाला होता आणि दोन-अडीच तासांत ते गेले. दाब वाढलेला आहे हे आधीच्या वर्षभरात ठाऊक नव्हतं असं नाही. प्रश्न होता द्यायचं काय. कमी मिठाचं जेवण, सक्तीची विश्रांती, गुंगी आणणारं फेनोबार्बिटाल, हृदयासाठी डिजिटालिस. ज्यांचा दाब फारच चढलेला असे, त्यांच्या पाठीत शस्त्रक्रिया करून रक्तवाहिन्या आवळणारे सिम्पथेटिक मज्जातंतू कापत. बस्स, एवढंच.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मुंबईहून आलेला एक लेख छापला गेला. लेखक होते डॉ. रुस्तम जाल वकील. लंडनला शिकून मुंबईला परतलेले आणि परळच्या केईएम रुग्णालयात काम करणारे हृदयतज्ज्ञ. विषय होता सर्पगंधा या औषधी वनस्पतीच्या मुळाचा रक्तदाबावरचा परिणाम.

सर्पगंधा वकिलांनी शोधलेली नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. वैद्यांना ती पूर्वीपासून माहीत होती. कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच वेड आणि रक्तदाब अशा दोन्हींवर ती उपयोगी असल्याचं लिहिलं होतं. त्याच सुमाराला दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्या मुळातून अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर परिणाम करणारी वनस्पतीतली द्रव्यं, वेगळी काढली. त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्यावरून अजमलीन नाव दिलं. १९३४ पासून तर ‘सर्पिना’ या नावाने गोळीसुद्धा बाजारात होती. मग वकिलांनी केलं काय? ज्यांच्या दाबाचं वेगळं कारण सापडत नाही असे ५० रुग्ण घेतले, त्यांना मुळाच्या गोळ्या दिल्या, दाब मोजून आकडे लिहून ठेवले आणि ते आकडे जगातले हृदयतज्ज्ञ जिथे वाचतील तिथे छापले. ऐकायला सोपं वाटतं, पण रक्तदाबाच्या औषधाची परीक्षा घेणं हे फार निसरडं काम आहे.

पहिली अडचण मोजण्यातच आहे. रुग्ण पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसलेला हवा. आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही, आणि लघवी तुंबलेली नसावी. दंड हृदयाच्या पातळीवर हवा. तो १० सेंटिमीटर खाली लोंबला तर आकडा ७-८ मिलिमीटरने जास्त येतो. पट्ट्यातल्या रबरी पिशवीने दंडाचा किमान ८० टक्के घेर वेढला पाहिजे. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की निरोगी माणूसही रोगी ठरतो. मनगटाची नाडी लागेनाशी झाली की आणखी ३० मिलिमीटर हवा भरायची आणि मग सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर या गतीने सोडायची. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा दाब, ठोके थांबले तो खालचा. पाऱ्याच्या यंत्रावर २-२ मिलिमीटरच्या रेघा असतात. त्यामुळे नोंदवहीत १४५ दिसलं की समजावं, कुणीतरी अंदाजपंचे लिहिलंय. आणि सगळेच आकडे शून्यावर संपत असतील तर ती वही संशोधनाच्या कामाची नाही.

दुसरी अडचण जास्त फसवी. समजा, पहिल्या भेटीत ज्यांचा दाब १८० च्या वर भरला त्यांनाच तुम्ही निवडलंत. त्यांतल्या काहींचा त्या दिवशी योगायोगाने वाढलेला असतो, काहींचा दवाखान्याच्या धास्तीने. पुढच्या भेटीत यांचा सरासरी दाब उतरतोच, तुम्ही गोळी द्या नाहीतर साखरेची पुडी. म्हणून औषध सुरू करण्याआधी काही आठवडे नुसतं मोजत राहायचं, आणि तोच दाब सुरुवातीचा धरायचा. तरीही तुलनेला बिनऔषधी गट लागतोच. वकिलांच्या अभ्यासात असा गट नव्हता. आजच्या कसोटीवर ही उणीवच म्हणावी लागेल. पण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्ण दोन गटांत वाटण्याची पद्धत त्या वेळी नवीकोरी होती. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची ब्रिटनमधली गाजलेली चाचणी १९४८ ची.

हा धागा पुढे उचलला तो बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी. भारतातून येणारे लेख वाचून त्यांनी सर्पगंधा आपल्या रुग्णांना दिली आणि १९५२ पासून त्यावर लिहायला लागले. दाब हळूहळू उतरतो, नाडी मंदावते, रुग्ण शांत होतो, ही त्यांची निरीक्षणं. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातून रेसर्पीन हे मुख्य द्रव्य वेगळं काढलं. याने मोठा प्रश्न सुटला. मुळात अल्कलॉइडचं प्रमाण जागेनुसार, ऋतूनुसार बदलतं, ती सालीत जास्त आणि गाभ्यात कमी असतात, वर भेसळ वेगळीच. समजा मुळात ०.१५ टक्के रेसर्पीन आहे. मग २५० मिलिग्रॅमच्या गोळीतून ०.३७५ मिलिग्रॅम पोटात जाईल. शुद्ध रेसर्पीनचा रोजचा डोस ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम. म्हणजे मूळ थोडं कसदार निघालं तरी किती फरक पडतो, ते पाहा.

रेसर्पीन करतं काय? मज्जातंतूच्या टोकांशी नॉरअॅड्रेनलीन हे रक्तवाहिन्या आवळायला लावणारं रसायन सूक्ष्म पिशव्यांत साठवलेलं असतं. त्या पिशव्या भरणारा पंपच ते बंद पाडतं. साठा संपत जातो, म्हणून पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात आणि गोळी बंद केल्यावरही तो बरेच दिवस टिकतो. नवख्या डॉक्टरची चूक नेमकी इथे होते: आठवडाभरात दाब उतरला नाही म्हणून डोस दुप्पट करायचा, आणि तिसऱ्या आठवड्यात रुग्ण सुस्त, नाक चोंदलेलं, पोट बिघडलेलं, मन उदास. कारण हाच पंप मेंदूतली सेरोटोनिन आणि डोपामीन ही मनःस्थितीशी निगडित रसायनंही साठवत असतो.

दाब उतरवल्याने माणूस वाचतो का, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी दिलं. एडवर्ड फ्रीस यांच्या नेतृत्वाखाली, खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष निवडले. निवडीआधी काही काळ सगळ्यांना बिनऔषधी गोळी दिली, पण तिच्यात रायबोफ्लेविन मिसळलं होतं. हे जीवनसत्त्व लघवीत चमकतं, म्हणजे गोळी घेतली की नाही ते कळतं. जे घेत नव्हते ते गळले. मग ७३ जणांना हायड्रोक्लोरोथायझाइड, रेसर्पीन आणि हायड्रालझीन ही दाब उतरवणारी तीन औषधं मिळाली, ७० जणांना नुसती बिनऔषधी गोळी. सरासरी दीड वर्षात नुसत्या गोळीच्या गटात २७ गंभीर घटना आणि ४ मृत्यू; औषधाच्या गटात गंभीर घटना २, मृत्यू एकही नाही. परळमध्ये तपासलेलं मूळ आता जीव वाचवणाऱ्या उपचाराचा भाग झालं होतं.

वकिलांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला, पुढे पद्मभूषण आणि भटनागर पुरस्कारही. १९७४ मध्ये ते वारले. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात रेसर्पीनमुळे स्तनाचा कर्करोग होतो असा इशारा देणारे अभ्यास छापले गेले. औषधाचा खप कोसळला. पुढे उकल झाली ती अशी: तुलनेच्या गटातून हृदयविकाराचे रुग्ण आधीच वगळले होते. रेसर्पीन घेणारे मुख्यतः तेच. साहजिकच त्या गटात रेसर्पीन कमी आढळलं आणि कर्करोगाच्या गटात जास्त भासलं. नंतरच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही, पण औषध मागे पडलं ते पडलंच. तोवर त्याहून सुसह्य गोळ्याही आल्या होत्या.

शेवटी एक कामाची गोष्ट. सर्पगंधेच्या गोळ्या आणि चूर्ण आजही दुकानात मिळतं, झोपेसाठी म्हणूनही खपतं. ज्यांना नैराश्याचा त्रास आहे, पोटात अल्सर आहे किंवा नाडी मंद आहे, त्यांनी ते घेऊ नये. दाबाची दुसरी गोळी चालू असेल तर दोन्ही मिळून दाब नको तितका उतरू शकतो. डॉक्टरकडे जाताना ती डबी सोबत न्या, आणि महिन्यापूर्वी बंद केली असली तरी तसं सांगा.

नमस्कार.