सभेची वेळ : दुपारी 2

गोवंडीतील महापालिकेच्या एका शाळेचा पहिला मजला. टेबलावर इतिवृत्ताची वही उघडी आहे, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला आलेल्या पाच माता दुसरीच्या वर्गातील बुटक्या बाकांवर गुडघे आवळून बसल्या आहेत.

1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. दुर्बल व वंचित घटकांतील पालकांनाही प्रमाणशीर जागा द्याव्या लागतात. अध्यक्ष पालकांपैकी असतो, सचिव मुख्याध्यापक. विनाअनुदानित खाजगी शाळांना मात्र हे कलम लागू नाही, म्हणजे ज्या पालकांना सवड काढणे परवडते, त्यांच्याच शाळा यातून सुटल्या.

अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे आणि शाळा विकास आराखडा तयार करणे, ही समितीची मुख्य कामे. मुंबईत ती गुंतागुंतीची होतात, कारण येथे महापालिकेच्या एकाच इमारतीत अनेकदा दोन-तीन माध्यमांच्या शाळा पाळ्यांमध्ये भरतात. प्रत्येकीची समिती वेगळी, आराखडा वेगळा, पण पाण्याची टाकी, जिना आणि स्वच्छतागृह सामाईक. उर्दू शाळेच्या समितीने नळदुरुस्ती मागितली, तर मराठी शाळेच्या समितीशी बोलल्याशिवाय ती पुढे सरकणे कठीण. चाळीच्या नळावर वाढलेल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

समितीत स्थानिक प्राधिकरणाच्या निर्वाचित प्रतिनिधीलाही जागा आहे. मात्र मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या आणि त्या काळात शहराला नगरसेवकच नव्हते.

तरीही या वहीतील सर्वांत मोठी अडचण पहिल्याच ओळीत आहे : वेळ, दुपारी 2. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईला या वेळी यायचे तर खाडा पडतो आणि पगार कापला जातो. न आलेल्या सदस्यांच्या सह्यांसाठी वही दुसऱ्या दिवशी मुलांच्या दप्तरातून घरोघर फिरते. कागदावर गणसंख्या भरते, खर्चाविषयीचा प्रश्न मात्र कोणी विचारलेला नसतो.

आज अध्यक्षांनी ठराव मांडला आहे, की पुढील सभा रविवारी सकाळी 10 वाजता घ्यावी. मुख्याध्यापिका तो लिहून घेतात, पेन थांबवतात आणि दाराशी उभ्या असलेल्या शिपायाकडे पाहतात.

"रविवारी गेट कोण उघडणार?"