कडा पायातून ढासळतो

नमस्कार मंडळी. धुळ्याहून चाळीसगावकडे निघालो की दक्षिणेला सातमाळ्याची, म्हणजे अजिंठा डोंगररांगेची भिंत हळूहळू वर येते. ती पाहून आपल्याला वाटतं, वारा-पावसाने हा डोंगर समोरून तासून काढला असणार. समोरून झीज होते हे खरं, पण ती फार किरकोळ. कडा उभा राहतो आणि पडतो तो त्याच्या पोटातल्या मऊ थरांमुळे. आज एवढंच सांगायला उभा आहे.

आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून वर येऊन पसरलेला लाव्हा. तो एका दमात आला नाही. एक थर आला, थिजला, त्यावर दुसरा आला. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, आणि त्या पोकळ्यांत पांढरे, हिरवट स्फटिक भरलेले. कधी दोन थरांच्या मध्ये बराच काळ गेला, तेवढ्यात वरचा दगड कुजला, आणि पुढच्या लाव्ह्याखाली तो विटकरी लाल पट्टा होऊन गाडला गेला. घाटात रस्त्याच्या कापावर हा पट्टा सहज दिसतो. थांबून बघणारे कमी, तो भाग वेगळा.

आता पाणी काय करतं ते पाहा. थिजताना आकसल्यामुळे घट्ट दगडात उभ्या भेगा पडलेल्या असतात. पावसाचं पाणी त्यांतून खाली उतरतं आणि लाल पट्ट्याशी अडतं, कारण तो चिकणमातीसारखा असतो. मग ते आडवं सरकत कड्याच्या तोंडाशी झिरपतं. तिथली माती फुगते, आकसते, निसटते. वरचा कातळ अधांतरी राहतो. एखाद्या पावसाळ्यात उभ्या भेगेवरून अख्खी शिळा सुटते आणि कडा पुन्हा पहिल्यासारखा सरळसोट दिसू लागतो. मागे सरकूनही तो उभाच राहतो, याचं कारण हे.

उन्हाचाही वाटा आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा काळा दगड किती तापत असेल! पण मी ऊन दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. मुख्य काम पाण्याचं, तेही रासायनिक. दगडातली खनिजं पाण्याने हळूहळू चिकणमातीत बदलतात. भेगांनी चौकोनी तुकडे झालेल्या दगडाला पाणी कोपऱ्यांकडून आधी खातं, म्हणून तो गोलसर होत जातो आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटू लागतात. मुरमाच्या खाणीत असे गोळे हवे तेवढे बघायला मिळतील.

थरांचा हा खेळ लेण्यांत फार स्पष्ट दिसतो. वाघूर नदीने नालाच्या आकाराचं वळण कोरलं, त्या कड्यात अजिंठ्याची लेणी आहेत. तिथे पाणी झिरपतं, चित्रांना त्रास होतो, तरीही पंधराशे वर्षांपूर्वीच्या छिन्नीच्या खुणा कितीतरी ठिकाणी शाबूत आहेत. आता चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या वरच्या डोंगरातलं पितळखोरं घ्या. ही लेणी इसवी सनापूर्वीची. पण दगड कमकुवत, त्यामुळे अनेक लेण्यांचे दर्शनी भाग कोसळून गेले. डोंगररांग तीच, पाऊसही जवळपास तोच. मग फरक कशाने पडला? कोरणाऱ्यांच्या वाट्याला कोणता थर आला, त्याने.

याच्या अगदी उलट गोष्ट धुळे-नंदुरबारमध्ये आहे. शेतांमधून लांबच लांब, कुणी रचून ठेवल्यासारख्या दगडी भिंती जातात. भूशास्त्रात त्यांना डाईक म्हणतात. जमिनीतल्या भेगांमध्ये लाव्हा शिरून तिथेच थिजला. आजूबाजूचा मऊ दगड झिजून गेला आणि भेगेतला घट्ट दगड उघडा पडला. म्हणजे जिथे एकेकाळी जमीन फाटली होती, तिथे आज टेकड्यांची रांग आहे! बहुतेक डाईक साधारण पूर्व-पश्चिम जातात. साक्री-धुळे-पारोळा हा एकच सुमारे ७९ किलोमीटर लांब आहे. काही ठिकाणी ते जमिनीखालचं पाणी अडवतात, त्यामुळे एका बाजूच्या विहिरीला पाणी आणि दुसऱ्या बाजूची कोरडी, असंही होतं.

झिजलेलं सगळं गेलं कुठे? आपल्याच शेतात. सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात मोठे गोटे आणि जाड वाळू साचली. डोंगरातून उतरणारं पाणी तिथेच मुरतं, आणि खालच्या केळीच्या बागांच्या विहिरींना त्याचा आधार असतो. बारीक गाळ पुढे तापीच्या खोऱ्यात बसला. काही ठिकाणी तो शंभर मीटरहून जाड आहे, कारण खोऱ्याची जमीन खचत गेली आणि नद्या ती भरत राहिल्या. आज तापी तोच गाळ कापते आहे. काठावर घळी पडतात, आणि कातळाला जे व्हायला हजारो वर्षं लागतात ते इथे काही पावसाळ्यांत होतं. घळ बांधाशी आली की मग शेतकऱ्याला झोप नाही.

शेवटचा मुद्दा कन्नड घाटाचा. ३१ ऑगस्ट २०२१ च्या अतिवृष्टीत तिथे दरडी कोसळल्या आणि खाली चाळीसगावात पूर आला. पाऊस प्रचंड होता, यात वाद नाही. पण घाटरस्ता करताना आपण उताराचा पायाच कापतो, म्हणजे झिरपतं पाणी जे काम सावकाश करतं ते आपण आधीच करून ठेवतो. दरड बघायला जाल तेव्हा वरच्या सुट्या दगडांकडे नंतर पाहा. आधी लाल पट्टा रस्त्यापासून किती उंचीवर आहे, तिथे ओल आहे का, आणि संरक्षक भिंतीतली पाणी निघायची भोकं मोकळी आहेत की बुजली आहेत, ते पाहा.