तळ्यात रुतलेला ड्यूक

५ जानेवारी १४७७. आजच्या फ्रान्सच्या ईशान्येकडच्या लोरेनमधल्या नाँसी शहराबाहेर बर्फ पसरलाय, सूर्य कलतोय.

लढाईचं चित्र म्हटलं की आपण आधी विजेता शोधतो. फ्रेंच चित्रकार यूजेन देलाक्र्वाच्या नाँसीच्या लढाईच्या चित्रात मात्र आधी गोठलेल्या तळ्यात अडकलेला घोडेस्वार शोधा. तो बर्गंडीचा ड्यूक शार्ल, त्या काळच्या युरोपातल्या अतिश्रीमंत सत्ताधीशांपैकी एक. घोडा रुतलाय, ड्यूकची बाहेर पडायची धडपड चाललीय आणि लोरेनचा एक सरदार भाला रोखून त्याच्यावर आलाय.

फ्रेंच लोक शार्लला ‘तेमेरेर’ म्हणतात. या शब्दात धाडस आहे, तसा अविचारही आहे. त्याचं शेवटचं वर्ष पाहिलं की अविचारच जास्त पटतो. १४७६ मध्ये ग्रांसों आणि मोरा इथे स्विसांनी त्याला दोनदा धूळ चारली. तरी भर हिवाळ्यात तो नाँसीला वेढा घालून बसला. सैनिक थंडीनं गारठून मरत होते. काम्पोबास्सो हा त्याचा भाडोत्री इटालियन सेनानी ऐन वेळी फितूर झाला. लोरेनचा तरुण ड्यूक रेने स्विसांची कुमक घेऊन आला, आणि त्यांची एक तुकडी जंगलातून बर्फ तुडवत थेट बगलेवर येऊन आदळली. बर्गंडीची फळी कोसळली.

दोन दिवसांनी शार्लचं प्रेत सापडलं. बर्फात थिजलेलं, चेहरा लांडग्यांनी कुरतडलेला. जुन्या जखमांच्या वणांवरून, लांब नखांवरून ओळख पटली.

देलाक्र्वानं हे प्रेत रंगवलं नाही. त्यानं घेतला तो घाव बसण्याआधीचा क्षण. म्हणूनच हे चित्र पाहताना माझा श्वास अडकतो: शार्ल अजून जिवंत आहे, अजून लगाम खेचतोय.

हे चित्र १८२८ मध्ये फ्रेंच सरकारनं नाँसी शहरासाठी मागवलं. तेव्हा गादीवर होता राजा दहावा शार्ल. १८३० च्या क्रांतीनं त्यालाही पायउतार केलं. चित्रावर साल पडलं १८३१. लोकांसमोर ते आलं १८३४ च्या पॅरिसमधल्या सालोंत, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात. त्याच प्रदर्शनात देलाक्र्वाचं ‘अल्जिअर्सच्या स्त्रिया’ही होतं, आणि जगाच्या लक्षात राहिलं ते तेच. नाँसीच्या या बर्फाला तेवढं प्रेम मिळालं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

चित्र आजही नाँसीतच आहे, प्लास स्तानिस्लास या चौकातल्या ललित कला संग्रहालयात. ते तळं मात्र आता नाही. तिथे शहराचा एक चौक आहे: ‘बर्गंडीच्या क्रूसाचा चौक’.