पुन्हा वर्गात

(दृश्य : फिरतं चाक, मातीचा गोळा, ओले हात)

चाक फिरतंय आणि गोळा अजून डुगडुगतोय. डावं कोपर मांडीशी घट्ट, एका तळहाताचा दाब बाजूनं, दुसऱ्याचा वरून. मातीचा सुळका वर चढवायचा, खाली बसवायचा, पुन्हा चढवायचा. गोळा चाकाच्या मध्यावर शांत होईपर्यंत अंगठा आत घालायचा नाही. घाई केली तर भांड्याची भिंत एका बाजूला जाड राहते, दुसऱ्या बाजूला पातळ होते आणि तिथूनच फाटते. नवशिक्याचे कितीतरी तास फक्त गोळा मध्यावर आणण्यात जातात. इथे त्याबद्दल कुणी घड्याळ दाखवत नाही.

(निवेदन थांबतं. फक्त चाकाचा आवाज.)

हे सॅन फ्रान्सिस्कोचं सिटी कॉलेज, शहराचं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज. स्थापना १९३५. मराठी प्रेक्षकांना सांगायचं तर थोडी रात्रशाळा, थोडं आयटीआय आणि थोडं एफवाय-एसवाय, सगळं एकाच फाटकाच्या आत. वय १८ पूर्ण असेल तर प्रवेश परीक्षा नाही, गुणांची अट नाही. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. १९०७ च्या कायद्यानं त्यांना वाट मोकळी झाली आणि १९१० मध्ये फ्रेस्नोत पहिलं कॉलेज उभं राहिलं. १९६० च्या राज्य आराखड्यानं कामं वाटून दिली : वरच्या साडेबारा टक्के विद्यार्थ्यांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशांसाठी स्टेट कॉलेजं, आणि कम्युनिटी कॉलेजं सगळ्यांसाठी. १९८४ पर्यंत इथे फी नव्हती. आज साधारण एका युनिटला, म्हणजे अभ्यासक्रम मोजायच्या एका एककाला, ४६ डॉलर पडतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या रहिवाशांना मात्र २०१७ मध्ये ही फी माफ झाली. पन्नास लाख डॉलर किंवा त्याहून महाग मालमत्ता विकल्यावर जो कर बसतो तो वाढवायला शहराच्या मतदारांनी २०१६ मध्ये होकार दिला, त्याच्या आधारावर.

(दृश्य : भित्तिचित्र, डावीकडून उजवीकडे सावकाश)

आता हे बघा. घाई न करता बघा. मेक्सिकोचे चित्रकार दिएगो रिव्हेरा यांचं ‘पॅन अमेरिकन युनिटी’. दहा फलक, २२ फूट उंच, ७४ फूट लांब. १९४० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या ट्रेझर आयलंडवर मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्यात एक विभाग असा होता की कलाकारांनी लोकांसमोर काम करायचं. तिकीट काढून आलेली माणसं खाली उभी राहायची, आणि वर मचाणावर रिव्हेरा ओल्या गिलाव्यावर रंग चढवत असायचे. फ्रेस्कोत गिलावा ओला आहे तोवरच रंग आत मुरतो, म्हणून त्या दिवशी संपेल एवढाच तुकडा लिंपायचा.

हे चित्र पहिल्यापासून या कॉलेजासाठीच होतं. वास्तुरचनाकार टिमथी फ्लूगर यांना कॉलेजचं भव्य ग्रंथालय बांधून त्यात ते लावायचं होतं. युद्ध आलं, ग्रंथालय राहून गेलं, १९४६ मध्ये फ्लूगर वारले. चित्र कित्येक वर्षं पेट्यांत पडून होतं. १९६१ मध्ये ते कॉलेजच्या नाट्यगृहाच्या दालनात लागलं. आपण पाहतोय ते चित्रीकरण शहरातल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयातलं आहे. २०२१ मध्ये हे चित्र तिथे हलवलं गेलं.

मध्यभागी कोआत्लिक्वे, मेक्सिकोची प्राचीन देवता. तिचं अर्धं अंग दगडाचं, अर्धं यंत्राचं. ही चित्रकार फ्रिडा काहलो, हातात रंगपाटी घेतलेली. आणि हा कुऱ्हाड उगारलेला शिल्पकार डडली कार्टर. त्यानं त्याच प्रदर्शनात रेडवूडच्या खोडातून कोरलेला मेंढा आज कॉलेजचं मानचिन्ह आहे. या ७४ फुटांत हात रिकामे असलेली माणसं शोधून पाहा, फार थोडी सापडतील. कोणी घडवतंय, कोणी कोरतंय, कोणी बांधतंय. ज्या कॉलेजाच्या भिंतीवर साठ वर्षं हे चित्र होतं, तिथे हातानं करायच्या कामाला दुय्यम मानणं शोभत नाही.

(दृश्य : वर्गखोली, फळा, वहीवरचे हात)

ही दुसरी खोली. इथे आम्ही चेहरे दाखवत नाही. विद्यार्थ्यांनी तशी विनंती केली होती. हात मात्र बघा. सिमेंटनं भेगाळलेले, भांडी घासून सोललेले, पेन घट्ट धरलेले. विषय : अपूर्णांक.

फळ्यावर एक फुटपट्टी काढली आहे. अमेरिकेत अजून इंच चालतात, आणि इंचाचे भाग दशांशांत नसतात. अर्धा, पाव, एक अष्टमांश, एक षोडशांश. सुताराला पाच अष्टमांश इंच आणि नऊ षोडशांश इंच यांतलं मोठं कोणतं हे करवत हातात असताना कळायला हवं. पाच अष्टमांश म्हणजे दहा षोडशांश, म्हणजे तेच मोठं, एका षोडशांशानं. शिक्षिका हे सांगत नाहीत. त्या पट्टी हातात देतात आणि दोन्ही खुणा शोधायला लावतात. शाळेत ज्यांना फळ्यापाशी उभं करून चूक दाखवली गेली, त्यांच्यासाठी ही पट्टी फार मोठी गोष्ट आहे.

कोणी इलेक्ट्रिशियनच्या उमेदवारीची परीक्षा देणार आहे. कोणाला बारावीच्या बरोबरीचं प्रमाणपत्र हवंय. कोणाची नात चौथीत आहे आणि तिचा गृहपाठ घ्यायचाय. हा शेवटचा हेतू कोणत्याही सरकारी तक्त्यात बसत नाही, आणि आमच्या मते तो बाकीच्या दोघांइतकाच सार्वजनिक पैशाला पात्र आहे.

हा वर्ग ‘नॉनक्रेडिट’ आहे. पदवीसाठी त्याचे गुण धरले जात नाहीत, फी नाही, आणि कितीही वेळा बसता येतं. राज्याच्या कायद्यात अशा वर्गांचे प्रकार ठरलेले आहेत : मूलभूत लेखन-वाचन-गणित, स्थलांतरितांसाठी इंग्रजी, नागरिकत्वाची तयारी, ज्येष्ठांसाठीचे वर्ग वगैरे.

पदवीच्या बाजूनं चित्र बदललं. २०१७ मध्ये एबी ७०५ हा राज्याचा कायदा झाला आणि २०१९ च्या सत्रापासून पूर्ण लागू झाला. त्यामागचं दुखणं खरं होतं. चाळणी परीक्षेत कमी पडलेल्यांना अंकगणित, मग पूर्वबीजगणित, मग बीजगणित अशा पायऱ्यांवर बसवलं जायचं, आणि त्यातले बहुतेक जण वर पोहोचायच्या आत कॉलेज सोडायचे. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थी त्यात सर्वाधिक अडकायचे. आता त्यांना थेट पदवीच्या गणितात प्रवेश मिळतो आणि एका वर्षात ते पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण बरंच वाढलंय. ज्याला पदवी नको, फक्त अंकगणितच हवं होतं, त्याचे क्रेडिटचे वर्ग मात्र अनेक कॉलेजांत गेले.

(दृश्य : ग्लेझची खोली, तराजू, बादल्या, तोंडावर मास्क)

मास्क यासाठी की सिलिकाची धूळ फुफ्फुसात बसली तर निघत नाही. वजनकाट्यावर पावडर मोजणाऱ्या या विद्यार्थिनीचे हात तुम्ही मघाशी गणिताच्या वर्गात पाहिलेत.

ग्लेझ म्हणजे भांड्यावरची काचेची झिलई. इंग्लंडचे कुंभार बर्नार्ड लीच यांच्या नावानं ओळखलं जाणारं एक मिश्रण जगभरच्या स्टुडिओंत शिकवतात : चार भाग फेल्डस्पार हे खनिज, तीन भाग सिलिका, दोन भाग खडूची पूड, एक भाग केओलिन ही पांढरी माती. चार, तीन, दोन, एक. बादलीत अडीच किलो हवं असेल तर १०००, ७५०, ५०० आणि २५० ग्रॅम. वर ८ टक्के लोहाचं ऑक्साइड घातलं की रंग गडद तपकिरी, काळ्याकडे झुकणारा. अडीच किलोचे ८ टक्के म्हणजे २०० ग्रॅम. तिनं ते वहीत केलं, खोडलं, पुन्हा केलं.

आता बरणीचं झाकण. भट्टीत माती आकसते. ही माती १२ टक्के आकसते असं धरा. भाजल्यावर झाकण १० सेंटिमीटर हवं. १० वर १२ टक्के वाढवले तर ११.२ येतात, आणि जवळजवळ प्रत्येक जण आधी हेच करतो. पण आकसतात ते ओल्या मापाचे १२ टक्के. ११.२ चे ८८ टक्के म्हणजे ९.८६, झाकण बरणीत पडतं. १० ला ०.८८ नं भागायचं. ११.३६. हा भागाकार एकदा हातात आला की टक्केवारी कायमची समजते, असं आम्ही या खोलीत पाहिलं.

(दृश्य : भट्टी, विटा, नारिंगी उजेड)

पहिली भाजणी सुमारे १००० अंशांवर. ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्‌झची रचना बदलते, म्हणून तिथे आच हळू ठेवायची. मग ग्लेझ लावून दुसरी भाजणी, स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी घट्ट भाजलेली भांडी, यांसाठी साधारण १२८० ते १३०० अंश. भट्टी पूर्ण थंड झाल्याशिवाय दार उघडायचं नाही.

(दृश्य : भट्टी उघडते. निवेदन नाही.)

क्रेडिटचा सिरॅमिक्सचा, म्हणजे मातीकामाचा, वर्ग पूर्वी तीनदा पुन्हा घेता यायचा. मंदीत राज्यानं कॉलेजांचा पैसा कापला, जागा कमी पडल्या, आणि २०१२ मध्ये नवा नियम आला, २०१३ पासून लागू झाला : पास झालेला वर्ग पुन्हा नाही, आणि एकसारख्या वर्गांच्या एका गटातले जास्तीत जास्त चार वर्ग. चित्रकला, नृत्य, संगीत, नाटक, व्यायाम, सगळ्यांना तेच माप. चार सत्रांत हात तयार होतो हे कुठल्याही कुंभाराला विचारलेलं दिसत नाही. आम्हाला हा नियम चुकीचा वाटतो आणि तो बदलावा.

तिचा हा चौथा वर्ग. यानंतर कॉलेजचं चाक तिला मिळणार नाही. शहरात खासगी स्टुडिओ आहेत, ते महिन्याचे पैसे घेतात. गणिताच्या खोलीत मात्र ती येत राहील. टक्केवारी झाली आहे. सोमवारपासून ऋण संख्या.