कासवाची पाठ आणि कोरा बूट

श्रोतेहो, नमस्कार.

नव्या चामडी बुटाबद्दल आपल्याकडे एक वाक्य वर्षानुवर्षे ऐकू येते, ते म्हणजे "वापरून सैल होईल". दुकानदार ते म्हणतो, बरोबर आलेला मेहुणा म्हणतो, आणि बूट चावू लागला की आपणही स्वतःची तशीच समजूत घालतो. या वाक्यात तथ्य आहे, पण अर्धेच. चामडे सैल होते हे खरे, परंतु ते नेमके कोठे सैल व्हायला हवे हे आधी पाहावे लागते. आणि ज्यांच्या पावलाची पाठ उंच असते, त्यांनी ते पाहिले नाही तर बूट सैल होण्याच्या कितीतरी आधी पाय सोलून निघतो.

पावलाची पाठ म्हणजे काय, ते प्रथम सांगतो. बोटांच्या मुळापासून घोट्याकडे चढत जाणारा, नाड्यांच्या बरोबर खाली येणारा पावलाचा वरचा भाग, त्याला मी आज पावलाची पाठ म्हणणार आहे. काहींची ही पाठ सपाट असते, काहींची कासवाच्या पाठीसारखी फुगीर असते. आपली कशी आहे हे पाहायचे असेल तर अंघोळीनंतर ओल्या पायाने कोरड्या शहाबादी फरशीवर उभे राहावे. टाच आणि चवडा एवढेच उमटले आणि मधला भाग जवळजवळ कोरा राहिला, तर तळव्याची कमान उंच आहे, आणि अशा माणसाची पाठही बहुधा उंच असते. बहुधा म्हणतो, कारण काही थोड्या माणसांचा तळवा सपाट असूनही पाठ उंच असते. त्यांच्यासाठी दुसरी खूण सांगतो: बुटाच्या नाड्या नेहमीसारख्या बांधल्यावरही भोकांच्या दोन रांगा एकमेकींपासून फार दूर राहतात आणि मधली जीभ रुंद पट्ट्यासारखी दिसत राहते.

आता माझी स्वतःची हकीकत सांगतो. ती ऐकल्यावर पुढचे सांगणे सोपे जाईल.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि आम्ही पाच मित्रांनी सिंहगड, राजगड, तोरणा असा तीन दिवसांचा बेत आखला होता. कॅनव्हासच्या बुटांनी मागच्या फेरीत दगा दिलेला होता, म्हणून एका रविवारी सकाळी मी जुन्या बाजारात गेलो आणि लष्करी बनावटीचे, घोट्याच्या वर येणारे, कोरे करकरीत चामडी बूट घेऊन आलो. तळावर आठ नंबर होता आणि माझाही आठच होता. फुटपाथवर बसून, पातळ मोजे घालून, सकाळी दहाच्या सुमारास मी ते चढवून पाहिले. बोटांना जागा होती, टाच नीट बसत होती, फक्त वरून कोणी पाटा ठेवल्यासारखे वाटत होते. विकणाऱ्याने आपले वाक्य म्हटले, "वापरून सैल होईल," आणि मी पैसे दिले.

शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात समोरच्या बिऱ्हाडी एक निवृत्त सुभेदार राहत असत. माझे लंगडणे पाहून त्यांनी मला पलटणीतला उपाय सांगितला: बूट पाण्यात बुडवायचे, ओलेच पायात चढवायचे, आणि ते पायातच सुकेपर्यंत चालत राहायचे. श्रोतेहो, हा उपाय मुळात चुकीचा नाही. चामडे म्हणजे तंतूंची दाट गुंतवळ असते. ती ओलावली की तंतू एकमेकांवरून सरकतात आणि ज्या आकारावर सुकतील तो आकार धरतात. चूक माझी होती, आणि एक नव्हे, दोन. सुभेदारांनी पाणी म्हटले होते, मी बंबातले कढत पाणी घेतले. कढत पाण्याने चामडे मऊ होत नाही, ते आक्रसते. आणि दुसरी चूक म्हणजे बूट पायाला घट्ट बसावेत म्हणून मी नाड्या खालपासून वरपर्यंत दात-ओठ खाऊन आवळल्या.

त्या अवस्थेत मी वेताळ टेकडीवर गेलो. अर्ध्या चढावर उजव्या पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांच्या बेचक्यात मुंग्या आल्या, आणि माथ्यावर पोचेपर्यंत ती जागा पार बधिर झाली. त्या बेचक्याला संवेदना देणारी नस पावलाच्या पाठीवरून जाते आणि नाड्यांच्या दाबाखाली तीच सापडते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्या दिवशी मात्र मुंग्या थांबल्या याचा अर्थ बूट सैल झाला असा मी लावला आणि आनंदाने आणखी तासभर चाललो.

घरी येऊन ओसरीवर बसलो, वरची तीन भोके सोडली आणि बूट ओढला. तो हलला नाही. पाय सुजला होता, चामडे सुकून आवळले होते, आणि खालच्या नाड्यांची गाठ-वीण एक होऊन गेली होती. सुभेदार पुढे झाले. मी ओसरीच्या खांबाला मिठी मारली आणि त्यांनी विहिरीतून पोहरा ओढावा तसा माझा पाय ओढायला सुरुवात केली. आत्या आतून एरंडेलाची बाटली घेऊन आली आणि तिने वरून धार धरली. तेल मोज्यात मुरले, टाच आतल्या आत वर उचलली जाऊ लागली, परंतु पाठ जिथल्या तिथे अडकलेली. वाड्यातली पोरे गोळा झाली, त्यातल्या एकाने विळी आणू का म्हणून विचारले, आणि ती बुटासाठी की पायासाठी हे कोणी त्याला विचारले नाही.

शेवटी चुलतभावाने मला सायकलवर मागे बसवले आणि ओंकारेश्वराच्या बाजूला बसणाऱ्या एका म्हाताऱ्या चर्मकारांकडे नेले. त्यांनी ओढाताण केली नाही, तेल मागितले नाही. आरीच्या टोकाने त्यांनी गाठ उकलली आणि नाडी एकेका भोकातून काढत काढत अगदी शेवटच्या भोकापर्यंत पूर्ण बाहेर काढली. मग जीभ पुढे उलटी पाडली, मला बोटे जमिनीकडे झुकवायला सांगितली, आणि पाय आपसूक बाहेर आला. आम्ही सहा-सात माणसे अर्धा तास झटत होतो, आणि नाडी पूर्ण काढावी हे एकालाही सुचले नव्हते.

मोजा काढल्यावर पावलाच्या पाठीवर लाल रंगाची एक ठसठशीत फुली उमटलेली दिसली, नाडीची फुली. तिच्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "पोरा, बूट लांबीला बरोबर आहे, रुंदीलाही बरोबर आहे. तुझं पाऊल कासवाचं आहे. याला पुढं जागा नको, वर पाहिजे."

एवढे बोलून ते कामाला लागले. फुली जिथे उमटली होती त्या जागी त्यांनी बुटाच्या आतून खडूने खूण केली. तळाच्या जाड कातड्याचा एक तुकडा रापीने कडेला उतरता तासून फर्म्याच्या, म्हणजे बुटात घालायच्या पावलाच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्याच्या, पाठीवर ठोकला, म्हणजे फर्म्यालाही कासवाची पाठ आली. मग बुटाची तेवढीच जागा आतून ओल्या फडक्याने दमट केली, फर्मा आत सारला आणि चार दिवसांनी ये म्हणाले. चार दिवस बूट सावलीत होते. परत देताना त्यांनी नाडी स्वतः ओवली, आणि ज्या जागी फुली पडत होती तेथे दोन भोकांच्या जोड्या रिकाम्या सोडून नाडी दोन्ही कडांनी सरळ वर चढवली.

त्या फेरीत सिंहगड आणि राजगड मी फोडाशिवाय केले. तोरण्याहून वेल्ह्याकडे उतरताना मात्र बोटे पुढे आपटू लागली, कारण वर सैल सोडलेला पाय उतारावर पुढे घसरतो. त्यावर उपाय असा की रिकाम्या जागेच्या वर, घोट्याच्या वळणावर, नाडीला एक जादा पीळ द्यावा, म्हणजे टाच मागे धरून राहते आणि पाठीवर दाब येत नाही.

माझी हकीकत जरा लांबली, तेव्हा उरलेल्या वेळात कामाचे तेवढे सांगतो.

उंच पाठीच्या माणसाने बूट एक नंबर मोठा घेऊ नये. मोठ्या नंबरात जागा पुढे मिळते. आपल्याला ती वर हवी असते. पुन्हा सांगतो, पुढे नव्हे, वर. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. आपल्याकडची काही दुकाने दुपारी बंद असतात त्याबद्दल लोक विनोद करतात, पण बुटांच्या बाबतीत चारनंतर उघडणारे दुकान गिऱ्हाइकाच्या हिताचेच असते. जे मोजे पुढे घालायचे आहेत तेच घालून जावे. ज्याच्या नाड्यांच्या कडा वरून शिवलेल्या आणि खालून मोकळ्या असतात तो डर्बी प्रकारचा बूट आपल्याला मानवतो; ऑक्सफर्डमध्ये त्या कडा खालून बंद असतात आणि उंच पाठीवर फाकतात. नाड्या नसलेला, ओढून चढवायचा बूट सर्वांत अवघड, कारण त्यात सैल सोडायला काहीच नसते. तो दुकानातच सहज चढत नसेल तर घेऊ नये.

घरी आणल्यावर आधी आतला सुटा सोल काढून पाहावा. तेवढ्यानेच काही मिलिमीटर उंची मिळते आणि पुष्कळदा काम तेथेच भागते. पहिले चार-पाच दिवस घरातच, सतरंजीवर, अर्धा-अर्धा तास बूट वापरावा. तळ स्वच्छ राहिला तर परत करण्याचीही सोय राहते. मग तासभर, मग गल्लीच्या टोकापर्यंत. ओलावायचाच झाला तर फक्त दुखणारी जागा, आणि तीही कोमट पाण्याने. ऊन, शेगडी, केस वाळवायचे यंत्र यांच्याजवळ बूट नेऊ नये. वापर झाल्यावर चुरगळलेले वर्तमानपत्र पाठीच्या जागी दाबून भरावे. हल्लीची वर्तमानपत्रे इतकी पातळ झाली आहेत की एका बुटाला दोन दिवसांचे अंक लागतात. तेल लावायचे तर बोटाच्या टोकाने, तेवढ्याच जागी; धार धरू नये, हे आमच्या आत्याच्या अनुभवावरून सांगतो. आणि घरात एक शूहॉर्न ठेवावा. पूर्वी तो दाराआड खिळ्याला टांगलेला असे. आता माणसे टाच चिरडून बूट चढवतात आणि बूट टिकत नाहीत म्हणून कुरकुरतात.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्यावी. चामड्याचा ताठरपणा चालेल, थोडे रुतणेही चालेल, पण मुंग्या आणि बधिरपणा चालणार नाही. तो आला की त्याच क्षणी नाडी सोडावी. मुंग्या थांबणे म्हणजे बूट सैल होणे नव्हे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर घट्ट बूट अंगवळणी पाडण्याच्या फंदातच पडू नये, कारण त्यांच्या पायाला जखम झालेली कळेलच याचा भरवसा नसतो. त्यांनी बूट थेट चर्मकाराकडे द्यावा आणि पाठीची जागा फर्म्यावर वाढवून घ्यावी.

माझे ते बूट अजून माळ्यावर आहेत. तळ दोनदा बदलला आहे आणि जीभ एका बाजूला झुकली आहे. बाकीच्या भोकांचे पितळ नाडीच्या घर्षणाने झिजून लांबट झाले आहे, आणि मधल्या दोन जोड्या, ज्यांतून त्या दिवसानंतर नाडी कधी गेलीच नाही, त्या अजून जुन्या बाजारात होत्या तशाच गोल आहेत.

नमस्कार.