कवळाण्याचा गोपाळ, बडोद्याचा सयाजी

(पडद्यावर: मालेगाव तालुक्यातलं कवळाणे गाव, शिवाराकडे जाणारी वाट)

कवळाणे आज नाशिक जिल्ह्यात मोडतं. पण १८६३ साली काशीराव गायकवाडांच्या घरी गोपाळ जन्मला, तेव्हा मालेगाव खान्देश जिल्ह्यात होतं. तेव्हा खान्देशानं या पोरावर हक्क सांगितला तर नाशिककरांनी भांडू नये!

१८७५मध्ये इंग्रजांनी बडोद्याच्या मल्हाररावांना गादीवरून काढलं. खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईंना गायकवाडांच्याच कुळातला दत्तक हवा होता. काशीराव मुलांना घेऊन बडोद्याला गेले आणि बारा वर्षांच्या गोपाळची निवड झाली. नवं नाव, सयाजीराव. तोवर पाटी-पेन्सिलीशी त्याची गाठ पडलेली नव्हती. ‘बडोद्याला कशाला आलास?’ असं विचारल्यावर ‘मी राज्य करायला आलोय,’ असं तो म्हणाला, ही गोष्ट आपल्याकडे घरोघर सांगतात. पण त्याहून भारी काम त्यानं पुढे केलं.

(पडद्यावर: बडोदा संस्थानाचा नकाशा, अमरेलीवर खूण)

१८८१मध्ये कारभार हाती आला. १८९३मध्ये अमरेली भागात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, १९०६मध्ये सगळ्या संस्थानात. पोर शाळेत धाडलं नाही तर आईबापाला दंड! शेतकऱ्याच्या घरी पोर म्हणजे कामाचे दोन हात. निंदणीच्या दिवसांत ते वर्गात बसलं तर काय होतं, हे कवळाण्यात वाढलेल्या राजाला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी त्यानं दंड लावला. मला त्याचा हाच निर्णय सगळ्यात धाडसी वाटतो. १९११मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, बडोद्याचा दाखला दिला. ते फेटाळलं गेलं. देशभर शिक्षणहक्काचा कायदा लागू व्हायला २०१० उजाडलं.

बालविवाहबंदी १९०४ची, बँक ऑफ बडोदा १९०८ची. १९१०मध्ये ग्रंथालयांसाठी अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन आले आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या.

अस्पृश्यांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या, पण तिथं शिकवायला सवर्ण मास्तर तयार होईनात. १९१३मध्ये महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेला गेले. १९१७मध्ये ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तर शहरात राहायला खोली मिळेना. नाव बदलून ते पारशी धर्मशाळेत उतरले. तिथूनही त्यांना हुसकावलं. दिवाणांकडे दाद मागितली, त्यांनी हात वर केले. आंबेडकर नोकरी सोडून मुंबईला परतले.